किलवाऱ्याची इर्जिक

"नको नको, मी कशाला!" असं सुचित्राबाई फोनवर म्हणाल्या आणि तिथंच सगळा घोळ झाला.

फोन ब्रेंडन हॅनलीचा होता. हा गृहस्थ व्हर्जिनियातल्या किलवारा मंडळाचा अध्यक्ष. किलवारा म्हणजे आयर्लंडच्या पश्चिमेचं एवढंसं खेडं. एक पूल, एक चर्च, दोन पब आणि पुलापासून चर्चपर्यंत चढत जाणारा एकच रस्ता. ब्रेंडनचे पणजोबा तिथून निघाले ते परत गेले नाहीत. अशा पणजोबांची पतवंडं आता इकडे मूळ गावाहून जास्त झाली आहेत, आणि दर वर्षी एका शनिवारी ती चर्चच्या हॉलमध्ये जमून किलवारा दिन साजरा करतात. अ‍ॅशबर्नला मुलीकडे राहणारी कुणी एक भारतीय डॉक्टरीण खुद्द किलवाऱ्यात दवाखाना चालवून आली आहे, हे ब्रेंडनला कुठून तरी कळलं. त्यानं मोठ्या अदबीनं विचारलं, "यंदा तुम्ही चार शब्द बोलाल का?"

सुचित्राबाईंना बोलायचं होतं. नुसतं बोलायचं नव्हतं, हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून त्या कित्येक वर्षं वाट बघत होत्या. पण कुणी मान द्यायला आलं की लगेच हात पुढे करायचा, ही त्यांच्या घरची रीत नव्हे. आधी नको म्हणायचं. मग समोरच्यानं 'असं कसं' म्हणायचं. आपण पुन्हा नको म्हणायचं, त्यानं पुन्हा आग्रह करायचा, आणि मग 'आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' असं म्हणत पदर सावरून उठायचं. एवढं साधं गणित आहे.

"काही हरकत नाही, डॉक्टर. मी अगदी समजू शकतो," ब्रेंडन म्हणाला, आणि आभार मानून त्यानं फोन ठेवला.

सुचित्राबाईंचं दुसरं नको तोंडातच राहिलं. किचनमधून त्यांची मुलगी आश्लेषा बाहेर आली. तिनं अर्धं ऐकलं होतं.

"आई, तू नाही म्हणालीस?"

"मी कुठे नाही म्हटलं? नको म्हटलं."

"सेम थिंग आहे ना!"

"अजिबात सेम थिंग नाही," सुचित्राबाई कडाडल्या. "त्याला एकदा पुन्हा विचारता येत नव्हतं? किलवाऱ्याचा अध्यक्ष म्हणवतो!"

"मी त्याला टेक्स्ट करते. शी चेंज्ड हर माइंड म्हणून."

"खबरदार! माझी शोभा करू नकोस. माइंड चेंज करायला मी आधी नाही कुठे म्हटलं होतं?"

आश्लेषानं कपाळाला हात लावला. ती अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये काम करते. तिथं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही असतं, म्हणून तर सगळं चालतं. पण चूक एकट्या आईची नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. अमेरिकेत आल्याआल्या शेजारणीनं कॉफी विचारली तेव्हा आई-बाबा दोघंही नको म्हणाले होते आणि शेजारणीनं भांडं उचलून ठेवून दिलं होतं. दोघं तहानलेले घरी परतले आणि बाबा म्हणाले होते, "सुचित्रा, हे काही किलवारा नव्हे."

किलवाऱ्यात असं होत नसे. सत्तरचं दशक सरता सरता सुचित्राबाई डब्लिनच्या हॉस्पिटलातून त्या गावच्या दवाखान्यात गेल्या. बरोबर नवरा सुमंत, पुलांचा इंजिनिअर, पण तिथं त्याच्याजोगं काम नव्हतं. पहिल्याच दिवशी पोस्ट सांभाळणारी नोरा फीनी चहा विचारायला आली. सुचित्राबाई नको म्हणाल्या. "अगं, घेशील," नोरा म्हणाली. नको, कशाला त्रास. "त्रास कसला, घेशीलच!" आणि नकार मोजायची तसदी न घेता तिनं किटली चढवलीसुद्धा. साताऱ्याकडच्या खेड्यात वाढलेल्या सुचित्राबाईंना इतक्या समुद्रांपलीकडे ही भाषा कळली, आणि त्या दिवसापासून त्यांना ते गाव परकं वाटलं नाही. आश्लेषाचा जन्मही तिथलाच.

तर असं ते गाव, आणि त्याच्याबद्दल सांगायची संधी एका नकोपायी गेली होती. सांगायची होती एकच गोष्ट, इर्जिकेची. सुमंतराव जाऊन आता काही वर्षं झाली होती आणि ती गोष्ट जाणणारं इकडे दुसरं कुणी नव्हतं. आश्लेषाला ठाऊक होती, पण ती तेव्हा पाळण्यातून नुकती उतरलेली. ऐकलेली गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांत फरक असतो.

"बोलवलं नाही तरी आपण जाऊ या," आश्लेषा शनिवारी म्हणाली. "ऑडियन्समध्ये बसू."

"नको," सुचित्राबाई म्हणाल्या.

आश्लेषानं आणखी दोनदा विचारलं. ती त्यांचीच मुलगी होती.

हॉल भरला होता. हिरवे कोट, हिरव्या टोप्या, कोपऱ्यात फिडल वाजवणारा, टेबलावर सोडा ब्रेड. सुचित्राबाई मोरपंखी पैठणी नेसून आल्या होत्या. हिरव्याला हिरवं असू दे, म्हणाल्या. ब्रेंडननं दारात त्यांचं स्वागत केलं. गोल चेहऱ्याचा, हसरा, कामाचा उत्साह उतू जाणारा माणूस होता तो. "तुम्ही आलात, फार बरं वाटलं," म्हणाला आणि त्यांना दुसऱ्या रांगेत बसवून पुढच्या पाहुण्यांकडे धावला. बोलायचं पुन्हा विचारेल, अशी आशा होती ती तिथंच मावळली.

मग त्यांनी स्टेजकडे पाहिलं.

स्टेजवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिरवं कापड लावलं होतं. त्यावर जुन्या आयरिश वळणाच्या सोनेरी रोमन अक्षरांत एकच शब्द होता. सुचित्राबाईंनी चष्मा पुसला आणि तो पुन्हा वाचला. इर्जिक. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'एकमेकांसाठी राबणं: आमच्या पूर्वजांचा प्राचीन शब्द'.

"आई," आश्लेषा कुजबुजली, "हा तर तुझा शब्द!"

सुचित्राबाईंना क्षणभर वाटलं, आपले वडीलच समोर उभे आहेत, खांद्यावर आसूड टाकून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका घालत. आणि दुसऱ्याच क्षणी राग आला. प्राचीन म्हणे! पूर्वजांचा म्हणे! अरे, कुणाच्या पूर्वजांचा?

"मी जाऊन त्याला सांगते," आश्लेषा उठली.

त्यांनी तिचा हात धरून खाली बसवलं. "काय सांगणार? न बोलावता उठून, हा शब्द आमचा आहे, परत करा? भाजीवालीशी भांडण आहे का हे?"

"मग कोणालाच कळणार नाही, आई. फॉरएव्हर असंच राहील."

हे मात्र खरं होतं आणि तेच त्यांना टोचत होतं. एकदा कापडावर सोनेरी अक्षरांत चढलेली चूक खाली उतरत नाही. उद्या यांची मुलं शाळेत हेच सांगतील. वडिलांचा शब्द, किलवाऱ्यातला तो दिवस, सगळं कुठल्याशा दाढीवाल्या आयरिश राजाच्या नावावर जमा होईल आणि आपण दुसऱ्या रांगेत पैठणी नेसून टाळ्या वाजवत बसू.

ब्रेंडन माइकपाशी आला. दोन वर्षांपूर्वी आपण किलवाऱ्याला गेलो होतो, असं तो सांगू लागला. गावच्या हॉलचं छप्पर वाऱ्यानं उडालं होतं आणि सकाळी सगळा गाव शिड्या घेऊन हजर. "मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, इर्जिक! मी आयर्लंडभर फिरलो. इतर ठिकाणी या कामाला मेहल म्हणतात. इर्जिक फक्त किलवाऱ्यात! पबमधल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितलं की हा शब्द ख्रिस्ताच्याही आधीचा आहे." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून कुणीतरी खोऽ करून हसलं आणि ते हसू खोकल्यात लपवलं.

"आता खास पाहुण्या," ब्रेंडन म्हणाला. "थेट किलवाऱ्याहून आलेल्या मिसेस गॅलहर."

पहिल्या रांगेतून एक म्हातारी काठी टेकत उठली. उंच, वाकलेली, पांढऱ्या केसांची. गॅलहर हे नाव सुचित्राबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. पण पायरी चढताना तिनं मदतीला आलेल्या ब्रेंडनला ज्या तऱ्हेनं कोपरानं बाजूला सारलं, ते कोपर त्यांनी ओळखलं. पोस्टाच्या खिडकीतली गर्दी त्याच कोपरानं हटत असे. ती नोरा होती. लग्न उशिरा केलं असावं तिनं. तिची दर वर्षी येणारी नाताळची कार्डं बंद झाली त्याच्या पुढे-मागेच.

नोरानं माइक धरला, हॉलवरून नजर फिरवली आणि ती मोरपंखी पैठणीवर येऊन थांबली.

"देवा रे," ती म्हणाली. "डॉक्टर!"

सगळ्या माना वळल्या.

"मी या शब्दाबद्दल बोलणार होते," नोरा म्हणाली, "पण ज्यांचा शब्द त्याच इथे बसल्यात. ये डॉक्टर, वर ये. तूच सांग."

सुचित्राबाईंना हेच तर हवं होतं. आणि तोंडातून काय निघावं? "नको नको, मी कशाला!"

आश्लेषानं डोळे मिटून घेतले.

"अगं, येशील!" नोरा वरून म्हणाली.

"नको, खरंच. तू सांगते आहेस ना, छान सांगतेस."

ब्रेंडन हळूच पुढे झाला. "मिसेस गॅलहर, डॉक्टरांनी मला फोनवरही नकार दिला होता. आपण त्यांच्या इच्छेचा मान राखायला हवा, असं मला..."

"गप्प बस रे ब्रेंडन," नोरा म्हणाली. "ती अजून दोनदाच म्हणाली आहे." आणि मग दवाखान्याच्या दारात उभं राहून मारायची तशी हाक तिनं मारली, "येशीलच तू, सुचित्रा!"

"आता तू एवढं म्हणतेच आहेस तर," सुचित्राबाई पदर सावरत उठल्या.

वर गेल्यावर आधी दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मग सुचित्राबाईंनी माइक हातात घेतला आणि एकदाही खाली पाहिलं नाही.

त्यांनी सांगितलं. त्या वर्षी उन्हाळाभर पाऊस होता. सुमंतला काम नव्हतं म्हणून त्यानं घरामागच्या तुकड्यात बटाटे लावले होते. पुलाचा इंजिनिअर माणूस, पण बटाट्याच्या सऱ्या पाडल्या त्या अशा वाकड्या की गावातले लोक चर्चला जाताना वाट वाकडी करून बघायला येत. हॉलमध्ये हशा पिकला. पुढे बटाटे काढायच्या दिवसांत तो शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडून शहराच्या हॉस्पिटलात पडून राहिला. घरात दोन वर्षांची पोर, दवाखान्यात रांग, बटाटे जमिनीत सडायला आलेले. थंडीत जाळायची टर्फ, म्हणजे दलदलीतून कापलेली माती, तीही तशीच रानात भिजत पडलेली. "मी रडले नाही," सुचित्राबाई म्हणाल्या. "पण एका रात्री बॅग काढून ठेवली होती. परत जायचं ठरवलं होतं."

"मला ठाऊक नव्हतं हे," नोरा पुटपुटली.

"सांगितलं असतं तर तू चहा पाजला असतास." पुन्हा हशा.

"आणि शनिवारी सकाळी बाहेर गलका झाला. बघते तर पुलापासून माझ्या दारापर्यंत माणसंच माणसं. ट्रॅक्टर, गाढवगाड्या, कुदळी, पोरंसोरं. दोन घरं तर एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नव्हती, ती एकाच सरीत शेजारी शेजारी खणत होती. बोलत नव्हतीच, पण खणत होती. मी कुणाला बोलावलं नव्हतं. नोरा म्हणाली, याला आम्ही मेहल म्हणतो. मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या गावात याला इर्जिक म्हणतात."

सगळ्यांचे डोळे स्टेजवरच्या कापडाकडे गेले.

"साताऱ्याकडे, भारतात. एखाद्याच्या शेतात काम अडलं की सगळे आपापले बैल घेऊन यायचे आणि एका दिवसात नांगरून द्यायचे. त्यानं फक्त जेवायला घालायचं. माझे वडील इर्जिक घालायचे तेव्हा आमच्या अंगणात पंगत बसायची. म्हणून मीही त्या दिवशी पंगत घातली. तुमचेच बटाटे, पण माहेरहून आणलेल्या मोहरीत आणि मिरचीत. पुऱ्या तळता तळता माझे हात दुखून आले. तुमच्या गावकऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मागून मागून खात होते."

"माझा भाऊ मायकी तीन दिवस पाणी पीत होता," नोरा माइककडे वाकून म्हणाली. "त्यानंच तो शब्द पहिल्यांदा उचलला. चेष्टा म्हणून. गवत कापायचं असलं की म्हणायचा, उद्या आमच्याकडे इर्जिक आहे, तिखट नाही. चेष्टा करता करता गावात तोच शब्द रुळला. आणि ब्रेंडन, पबमध्ये तुला ख्रिस्ताच्या आधीचा म्हणून सांगितलं ना, तोही मायकीच. त्याबद्दल माफ कर. तू त्याला बीअर पाजत होतास, तो तरी काय करणार?"

हॉल हसून लोटपोट झाला. ब्रेंडनचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. पण तो माणूस भला होता, तोही हसला.

सुचित्राबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना अजून एक सांगायचं होतं आणि मघाचा सगळा राग कुठल्या कुठे गेला होता. "परवा माझ्या भाच्याला फोनवर मी इर्जिक म्हटलं, तर म्हणाला, आत्या, ते काय असतं? आता तिकडे ट्रॅक्टर भाड्यानं येतो. त्यात काही वाईट नाही. पण माझ्या वडिलांचा शब्द त्यांच्या गावात राहिला नाही, तो तुमच्या गावात राहिला. तुम्ही तो सांभाळलात. नुसता तोंडात नाही, छप्परं चढवून, बटाटे काढून सांभाळलात. मी पुष्कळ ठिकाणी राहिले, पण कुठल्या गावाचा अभिमान विचाराल तर मी दोन नावं घेते, आणि त्यातलं एक किलवारा आहे."

लोक उभे राहिले. आश्लेषा रडत होती आणि मोबाइलवर शूटिंगही करत होती, त्यामुळे ते सगळं हललेलं आलं.

टाळ्या थांबल्यावर ब्रेंडन जवळ आला. "डॉक्टर, मला फार लाज वाटते आहे," तो म्हणाला. "तो शब्द तुमचा. हे कापड मी आत्ता उतरवतो."

"नको," सुचित्राबाई म्हणाल्या.

ब्रेंडननं नोराकडे पाहिलं. मग तो जरा हुशारीनं हसला. मघाशी डोळ्यांदेखत धडा मिळाला होता, तो काही वाया जाणार नव्हता. "काहीच त्रास नाही मला. खरंच उतरवतो."

"नको, राहू दे."

"अहो, असं कसं!" ब्रेंडन म्हणाला आणि कोपऱ्यातली शिडी उचलून, भिंतीला लावून, दोन पायऱ्या चढलासुद्धा. सोनेरी अक्षरांच्या कडेला त्याचा हात पोचला.

"अरे उतर खाली!" सुचित्राबाई ओरडल्या. "हा नको खरा आहे!"

ब्रेंडन शिडीवर थिजला. "पण मग मला कळायचं कसं?"

दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. हे कसं समजावून सांगायचं ते साताऱ्यालाही कुणाला जमलं नव्हतं आणि किलवाऱ्यालाही.

"उतर हळू," सुचित्राबाईंनी पुढे होऊन शिडी दोन्ही हातांनी धरली. "आमच्याकडे शिडीवरून पडलं की सगळा गाव कामाला लागतो."